मिस्टरांना पाठवा

दिवाळी सरली की आमच्याकडे सकाळचं नळाचं पाणी हाताला बोचायला लागतं आणि कळमेश्वर रोडच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागतात. यंदा त्यांच्यासोबत फलकही आले. मागच्या आठवड्यात दूध आणायला निघाले, तर चौकातला एक खांब मोकळा नव्हता. दिवाळीच्या शुभेच्छा, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि प्रत्येकाखाली मोठ्या अक्षरांत 'भावी नगरसेवक'. सगळ्यात मोठा फलक दिलीपभाऊंचा. पांढरे कपडे, जोडलेले हात, आणि खाली यादी : मागील कार्यकाळात भाऊंनी केलेली विकासकामे.

मी तिथेच थांबले. दुधाची बरणी हातात, मागून गाड्यांचे हॉर्न, आणि मी ती यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली. मागील कार्यकाळात नगरसेवक भाऊ नव्हते. त्यांची बायको होती. रत्ना नावाची बाई इथे निवडून आली होती आणि तिचं नाव त्या एवढ्या मोठ्या फलकावर एका कोपऱ्यातसुद्धा नव्हतं. मला वाटलं होतं, वयाबरोबर माझा राग निवला असेल. कसला निवतो!

हे आमचं शहर म्हणजे नागपूरला चिकटलेली वस्ती. नोकरीवाल्यांनी आणि निवृत्तांनी प्लॉट घेऊन बांधलेली घरं, त्यांना लेआउटांची नावं, आणि मधून गेलेले अर्धे डांबरी, अर्धे मुरमाचे रस्ते. सकाळी आठ-नऊला पुरुष नागपूरकडे निघतात ते दिवे लागल्यावर परततात. मधल्या वेळात इथे कोण असतं? बायका. नळ कधी आला, कचरागाडी कोणत्या गल्लीत शिरलीच नाही, कोणत्या खांबावरचा दिवा महिनाभर बंद आहे, हे इथल्या कोणत्याही बाईला झोपेतून उठवून विचारा. आणि पुरुषांना विचारा. ते सांगतील, थांबा, घरात विचारून सांगतो.

मी इथल्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली. लग्न केलं नाही. का केलं नाही, याचं उत्तर मी कोणाला देत नाही. पण या गोष्टीत ती बाब येते म्हणून सांगितली.

नऊ वर्षांपूर्वी, भादव्यातल्या एका लख्ख दुपारी, माझ्या शेजारच्या कुसुमकाकू कोपऱ्यावरच्या गडरच्या, म्हणजे गटाराच्या, चेंबरमध्ये पडल्या. झाकण नव्हतं. आदल्या दिवशीच्या पावसाचं पाणी त्यावर साचून रस्त्यासारखंच सपाट दिसत होतं. काकू गणपतीसाठी दुर्वा घेऊन येत होत्या. मी आवाज ऐकून धावले, तेव्हा त्यांचा एक पाय आत, एक बाहेर आणि दुर्वांची जुडी हातात घट्ट धरलेली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात नेताना त्या एकच वाक्य म्हणत राहिल्या, "मले दिसलंच नाही वं, दिसलंच नाही." जसा काही तो त्यांचाच गुन्हा होता.

झाकण बसवा, एवढाच माझा अर्ज. मी तो घेऊन कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसाने वर न बघता विचारलं, "घर कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"मिस्टरांना पाठवा ना मॅडम. ते बोलतील साहेबांशी."

"मला मिस्टर नाहीत."

आता त्याने वर बघितलं. थोडा ओशाळला, आवाज मऊ केला. त्याला वाटलं, वारले. "मग भाऊ-बिऊ कोणी असन ना? त्यायले पाठवा."

दुसऱ्यांदा गेले तेव्हाही हेच. चौथ्यांदा गेले तेव्हा त्याच्या मागे बसलेल्या दुसऱ्याने विचारलं, "मॅडम, चेंबर तुमच्या घरासमोर थोडीच आहे? तुम्ही काहून एवढ्या धावपळ करून राहिल्या?" त्या प्रश्नाने मला जेवढं पेटवलं, तेवढं कशानेच नाही. मुलांना गोदावरीचा उगम आणि मुख मी एकतीस वर्षं शिकवलं. गोदावरी काही माझ्या घरासमोरून जात नव्हती.

त्याच सुमारास सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. लेआउटभर एकच चर्चा : आता भाऊंचं कसं? दिलीपभाऊ त्याआधी दोनदा निवडून आलेले. दोन दिवसांत उत्तर मिळालं. भाऊ 'वहिनींना उभं करणार'. ही क्रिया नीट ऐका. वहिनी उभ्या राहणार, असं कोणी म्हणालं नाही. त्यांना उभं करणार. मांडवाचा खांब उभा करतात तसं.

मी अपक्ष अर्ज भरला.

धाकट्या भावाला कळलं तेव्हा तो कळमेश्वरजवळच्या आमच्या शेतात तुरीत उभा होता. फोनवरच ओरडला, "काहून या भानगडीत पडून राहिली तू? रिटायर झाली, आराम कर ना!" मी म्हटलं, "तुझा आराम तुझ्यापाशी ठेव. पोस्टर लावायला येतोस का ते सांग." तो रागाने दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मोटारसायकलला खळीचा डबा बांधून आला आणि पडल्या चेहऱ्याने, पण सरळ रेषेत, त्याने पोस्टरं लावली.

ती पोस्टरं छापायला मी महालातल्या एका छापखान्यात गेले होते. अरुंद बोळ, दुचाक्या चुकवत जायचं, आत शाईचा आणि गरम कागदाचा वास. छापणाऱ्याने संगणकावर माझा फोटो चढवला, हात जोडलेला, आणि विचारलं, "बाजूले कोणाचा फोटो टाकू?"

"कोणाचाच नाही."

"म्हणजे... साहेबांचा? पक्षाच्या नेत्यांचा? वडिलांचा तरी?"

"मी उभी आहे. माझाच टाका."

त्याने माझा फोटो थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे सरकवून पाहिला. मग खरोखर कळवळून म्हणाला, "एका साइडनं लय रिकामं दिसून राहिलं, मॅडम." त्याचा वाईट हेतू नव्हता. इतकी वर्षं बायकांची पोस्टरं छापून छापून त्याच्या डोळ्यांना सवय झाली होती : बाईचा फोटो टिकलीएवढा, आणि भोवती पुरुषांची रांग. मी त्याला त्या रिकाम्या जागेत वॉर्डाचा नकाशा टाकायला सांगितला. उघडी चेंबरं लाल ठिपक्यांनी दाखवली. "हे असं कोणी छापत नाही," तो म्हणाला. "म्हणूनच छापा," मी म्हटलं.

चिन्ह मागताना मी फळा मागितला होता. मिळाली कढई. चिन्हं वाटणाऱ्यांपैकी एकजण हसून म्हणाला, "बायकांसाठी बेस्ट आहे, मॅडम."

मग दारोदार फिरणं. तो महिनाभराचा हिवाळा माझ्या अंगात अजून आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्च्यांवर वाळणाऱ्या गाद्या, कुठल्या तरी स्वयंपाकघरात उकडणाऱ्या तुरीच्या शेंगांचा वास, फाटकावर लोंबणारी मधुमालती, आणि आतून येणारा आवाज : "कोण आहे वं?" दार उघडणारी सून आत वळून सांगायची, "कोणी नाही, मॅडम आल्या मत मागाले." कोणी नाही! मी दारात दोन पायांवर उभी आहे, हातात पत्रक आहे, आणि कोणी नाही.

बायका पाणी द्यायच्या, बसा म्हणायच्या, माझ्या नकाशातल्या ठिपक्यांवर बोट ठेवून "इथं एक राहिलं बघा" असंही सांगायच्या. आणि मी निघताना म्हणायच्या, "हे आले की विचारते." ज्यांना मी सातवीत मतदान हा स्वतःचा अधिकार असतो म्हणून शिकवलं, त्याही म्हणायच्या. पुरुष वेगळं विचारायचे. "एकट्याच राहता काय?" "निवडून आल्यावर रात्री-बेरात्री कोणी बोलावलं तर जाल काय?" दिलीपभाऊंना कोणी हे विचारलं असेल, असं मला वाटत नाही. शेवटच्या आठवड्यात तर पानठेल्यावरून अशी कुजबुज सुटली की मॅडमने लग्न केलं नाही त्यामागे काहीतरी 'चक्कर' आहे. चोपन्नाव्या वर्षी माझ्या चारित्र्याची चौकशी निघाली, ती एका गडरच्या झाकणापायी. ते भावाच्या कानावर आलं तेव्हा तो मारामारीला निघाला. मी त्याला थांबवलं, आत गेले, दार लावलं आणि दहा मिनिटं रडले. मग तोंड धुऊन पुढच्या गल्लीत गेले. त्या दहा मिनिटांबद्दल आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मी ठरवलं होतं, एकही घर सोडायचं नाही. म्हणून दिलीपभाऊंच्याही घरी गेले.

बाहेरच्या मांडवात कार्यकर्ते खुर्च्यांवर पसरलेले. भाऊ कुठे तरी सभेला. मी मागच्या दाराने गेले. स्वयंपाकघरात एका मोठ्या पातेल्यात चहा उकळत होता आणि रत्ना ओट्याशी उभी राहून कपांच्या रांगा लावत होती. चाळिशीची, सडसडीत, कपाळावर घाम. मला बघून गांगरली.

"तुम्ही उमेदवार," मी म्हटलं, "आणि चहा तुम्हीच करून राहिल्या?"

"मग कोण करन?"

"मी मत मागायला आले."

तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिने पदराने तोंड झाकून घेतलं; हसली की काय, दिसलं नाही. मग चहाचा एक कप माझ्यापुढे सरकवला आणि हळूच विचारलं, "मॅडम, एक विचारू? नगरसेविका नेमकं काय करते? मी ह्यायले विचारलं तर म्हणे, तू फक्त हात जोडून उभी राह्य."

काय सांगू, त्या क्षणी माझी प्रतिस्पर्धीच नाहीशी झाली. जिच्याविरुद्ध लढायचं, ती तिथे नव्हतीच; एक बाई होती, जिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तिला बी.ए.ला राज्यशास्त्र होतं. हे तिनेच खाली मान घालून सांगितलं, जुनी चूक कबूल करावी तशी. मी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने समजावलं : सभा कशी होते, ठराव कसा येतो, कोणत्या समितीकडे काय असतं, नगरसेविकेच्या पत्रावर काय काय हलतं. अर्धा तास. बाहेरून "वहिनी, चहा!" असा आवाज आला, दुसऱ्यांदा आला, तेव्हा ती उठली. जाताना म्हणाली, "तुम्हाले कोणी उभं केलं?"

"मीच."

ती कपांचा ट्रे उचलून तशीच थांबली. "असं चालते?" तिने विचारलं.

मी हरले. दुसरी आले, फार मागे राहून. निकालाच्या दिवशी शाळेच्या पटांगणातून गुलाल उधळत मिरवणूक निघाली. उघड्या जीपवर हार घालून भाऊ उभे. जिंकलेली उमेदवार मागच्या गाडीत काचेआड. माझ्या फाटकासमोर मिरवणूक मुद्दाम थांबली, ढोल वाढला, गुलालाच्या मुठी आत आल्या. शेजारून कुसुमकाकू वॉकर ठकठकवत फाटकाशी आल्या आणि जीपवरच्या माणसाकडे बोट करून ओरडल्या, "तू कशाचा हार घालून नाचून राहिला गा? निवडून तर ते रत्ना आली ना!" ढोलात ते कोणाला ऐकू गेलं नसेल. मला गेलं.

आणि झाकण? चेंबर तसंच उघडं.

चौकात 'जनसंपर्क कार्यालय' उघडलं. पाटीवर नाव रत्नाचं, खुर्चीत भाऊ. मी अर्ज घेऊन गेले. भाऊ नम्रपणे म्हणाले, "द्या मॅडम, इकडं द्या. करून टाकतो."

"रत्नाताईंना भेटायचं आहे."

"मीच आहे ना."

"तुम्हाला या वॉर्डात एकही मत पडलेलं नाही, भाऊ. यंत्रावर तुमचं नावच नव्हतं. मी थांबते."

लोक हसले. भाऊही हसले. मी बाकावर बसले. दुपारपर्यंत बसले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सोबत लोकरीच्या सुया नेल्या. चार-पाच दिवसांनी कुसुमकाकूंनी रिक्षा करवून घेतली आणि वॉकरसकट येऊन माझ्याशेजारी बसल्या. मग कोपऱ्यावरच्या दोघी आल्या, शेंगा सोलत बसल्या. कामं घेऊन येणाऱ्या पुरुषांना आमच्या पायांवरून वाट काढत आत जावं लागे. भाऊंचं हसू हळूहळू कमी झालं. एकदा म्हणाले, "मॅडम, हे बरं दिसत नाही." मी म्हटलं, "नाहीच दिसत."

अकराव्या दिवशी रत्ना आली. एकटी, पायी, चालून चालून चेहरा लाल. भाऊ खुर्चीतून म्हणाले, "तू काहून आली?"

"मॅडमचं माझ्याशी काम आहे म्हणतात," ती म्हणाली. खुर्चीकडे तिने बघितलंही नाही. उभ्याउभ्याच माझा अर्ज वाचला, पूर्ण, आणि तिथल्या टेबलावर वाकून स्वतःच्या हाताने नगरपरिषदेला पत्र लिहिलं. पंधरवड्यात झाकण बसलं.

मला इथे थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण खरं असं आहे की दुसऱ्या दिवशी खुर्चीत पुन्हा भाऊ होते. रत्ना अधूनमधून सभेत दिसायची; कधी प्रश्न विचारायची, एकदा पाण्याच्या वेळेवरून भांडलीसुद्धा, आणि मग कित्येक महिने दिसायची नाही. तिचे ठराव, तिच्या पाइपलाइनी, तिने मागे लागून करून घेतलेली बालवाडीची भिंत, सगळं त्या वर्षांत 'भाऊंनी केलं' म्हणूनच बोललं गेलं. मुदत संपली. मग प्रशासक आले आणि वर्षांमागून वर्षं निवडणूकच झाली नाही. कुसुमकाकू मधल्या काळात गेल्या. आणि आता निवडणूक आली, सोडत निघाली, तर वॉर्ड सर्वसाधारण.

त्या दिवसापासून जो तो मला सांगतो आहे, "या वेळी बायकांचं नाही, मॅडम." शेजारी सांगतात, दूधवाला सांगतो, माझे सुशिक्षित विद्यार्थी सांगतात. बायकांचं नाही म्हणजे काय? सर्वसाधारण म्हणजे पुरुषांचं, असं कोणत्या कायद्यात लिहिलं आहे? राखीव जागा होती तेव्हा ती बाईची नव्हती, नवऱ्याची होती. आता खुली आहे, तर तीही त्याचीच. मग आमची जागा नेमकी कोणती? बाकावरची?

फलक वाचून घरी आले, दूध तापत ठेवलं आणि भावाला फोन लावला. म्हटलं, मी पुन्हा अर्ज भरते आहे. त्याने या वेळी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "गुडघे साथ देतील काय?" गुडघ्यांचं सांगता येत नाही. त्रेसष्ट वर्षांचे आहेत.

अपक्षाच्या अर्जाला वॉर्डातल्या मतदारांच्या सह्या लागतात, सूचक म्हणून. परवा दुपारी मी अंगणातल्या ओट्यावर मतदारयादी पसरून नावं शोधत बसले होते. फाटक वाजलं. रत्ना. केसांत पांढरी बट आलेली, पायांत घरातल्याच चपला. फलक तिनेही वाचला होता.

"वाचला," ती म्हणाली. "सगळा वाचला. त्यातली बालवाडीची भिंत माझी आहे, मॅडम. पावसात उभी राहून बांधून घेतली. ह्यायले ती कोणत्या गल्लीत आहे हेसुद्धा माहीत नाही."

मी तिला पाणी दिलं. तिने घेतलं नाही. माझ्यासमोरच्या फॉर्मकडे बघून म्हणाली, "सूचक मतदारच पाहिजे ना? मी मतदार आहे."

"विचार करून सांगा. या फॉर्मची प्रत बाहेर बोर्डावर लागते. सगळं गाव वाचेल. घरी काय होईल?"

"घरी व्हायचं ते आजवर होऊनच राहिलं." तिने पेन उचललं. मग थबकली. "नाव कसं लिहू?"

"यादीत आहे तसंच लिहावं लागतं. पूर्ण."

तिने वाकून यादीत स्वतःची ओळ शोधली. तिचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. बोट त्या मधल्या शब्दावर टेकवून ती क्षणभर बघत राहिली.

"पाह्य गा," ती म्हणाली, आणि कोणाला म्हणाली ते मला नेमकं कळलं, कारण बोट अजून नवऱ्याच्या नावावरच होतं आणि ती मोठ्याने हसायला लागली होती, "या वेळी तुलेच उभं केलं मी, मॅडमच्या मागं."

आणि तिने तिन्ही शब्द ठळक, सुवाच्य अक्षरांत लिहून खाली सही केली.